एफआयआरची कॉपी हवीय? आधी ऑनलाइन बघा
तक्रार तुमचीच असेल तर एफआयआरची कॉपी फुकट मिळते, कायद्यातच आहे, झेरॉक्सचे पैसे मागितले तरी देऊ नका. दुसऱ्या कुणाची असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, पोलीस स्टेशन नि तारीख टाकून शोधा, 2016 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर एफआयआर ऑनलाइन टाकावेच लागतात, फक्त लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील केसेस नसतात. स्टेशन डायरीतली (पोलीस स्टेशनच्या रोजच्या नोंदवहीतली) नोंद वगैरे हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विषय एकच, मजकूर 150 शब्दांत, आणि "सगळी माहिती द्या" असलं मोघम नको, तारीख लिहा. शिक्क्यासकट पोच घ्याच! तपास चालूय म्हणून नाही म्हणाले तर माहिती दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येतो ते लेखी मागा, 30 दिवसांत पहिलं अपील टाका.