अठरावं शतक शिकवायचंय? भूकंपापासून सुरू करा

फळ्यावर 'प्रबोधनयुग' (म्हणजे युरोपातलं अठराव्या शतकातलं एनलायटनमेंट) लिहून व्याख्या सांगायला लागलं की मागच्या बाकावरची पोरं मोबाईल काढतात, मी दोन वर्षं हेच करून बघितलंय. आता सरळ तारीख लिहितो, १ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालची राजधानी लिस्बन, ऑल सेंट्स डे म्हणजे सगळ्या संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली आणि जमीन हलली, मग समुद्र आत घुसला, मग आग लागली ती कित्येक दिवस विझेना. मग विचारायचं, देव चांगला असेल तर हे का झालं? वर्ग आपोआप भांडायला लागतो.

त्यानंतर चार उतारे वाटा, पण तारखेच्या क्रमानेच, ही अट सोडू नका. आधी अलेक्झांडर पोप (इंग्रज कवी हो, चर्चवाले नव्हे), त्याच्या १७३३-३४ मधल्या 'एसे ऑन मॅन' या कवितेतला, 'जे आहे ते योग्यच आहे' म्हणणारा. मग फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरची १७५६ ची लिस्बनवरची कविता, ती पोपवर थेट चिडलेली आहे. मग त्याच वर्षी १८ ऑगस्टला विचारवंत रूसोने व्हॉल्टेअरला लिहिलेलं पत्र, माझं सगळ्यात लाडकं, कारण तो म्हणतो सहा-सात मजली वीस हजार घरं तिथे काय निसर्गाने बांधली होती? इथे माझ्या वर्गात दरवेळी कुणीतरी किल्लारी काढतंच, १९९३, दगडमातीच्या जाड भिंती, विसर्जनानंतरची पहाट. बोलू द्या, अर्धा तास गेला तरी चालेल. शेवटी व्हॉल्टेअरचीच छोटी कादंबरी 'काँदीद', १७५९, अख्खं नको, पाचवं-सहावं प्रकरण बास, ज्यात विद्यापीठातले विद्वान ठरवतात की काही माणसं मंद आचेवर समारंभाने जाळली की भूकंप टळतो. आधी हसतात, मग गप्प होतात.

लायब्निझ (हे जग शक्य त्या जगांतलं सर्वोत्तम आहे म्हणणारा जर्मन तत्त्वज्ञ) वगैरे नंतर सांगा, तोवर गरज पडलेली असते.

रिसर्च करणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगतो, ती मला कुणी सांगितली नव्हती आणि महिना वाया गेला. जुन्या फ्रेंच प्रती 'गॅलिका'वर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवर, फुकट मिळतात, पण तेव्हाच्या छपाईत लांब एस असायचा, तो एफसारखा दिसतो आणि कॉम्प्युटरही बऱ्याचदा एफच वाचतो, त्यामुळे 'साजेस' (sagesse, शहाणपण) शोधलं तर काहीच सापडत नाही. एसच्या जागी एफ टाकून परत सर्च करा, मग बघा किती पानं निघतात.