सागरी सीमेवर नौदल आणि पोलीस यांच्या कामाची गल्लत : या चुका टाळा

किनाऱ्यावर काही संशयास्पद दिसले की ‘नौदल बघून घेईल’ असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच असते. मुंबईवरील 2008 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर, 2009 मध्ये, सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली हे खरे. परंतु किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात समन्वय तटरक्षक दलाचा असतो आणि उथळ पाण्यात, खाडीत व बंदरावर गस्त घालतात ते सागरी पोलीस. खाडीच्या तोंडाशी युद्धनौकेला पाणीच पुरत नाही, तेव्हा तिथे तिची वाट पाहू नये.

या तीन दलांनीही एकमेकांवर हवाला ठेवून चालत नाही. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे जहाज बुडाले असे समजले गेले होते. तेच 31 जुलै 2011 रोजी सगळी गस्त ओलांडून जुहूच्या वाळूत येऊन रुतले. ‘दुसऱ्याने पाहिले असेलच’ हे गृहीतक किती घातक असते, ते मला या घटनेइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

‘आपल्याकडचीच नाव आहे’ म्हणून दुर्लक्ष करणे ही तितकीच मोठी चूक. 2008 मधील दहा हल्लेखोर ज्या ‘कुबेर’वरून मुंबईजवळ आले, ती पोरबंदरची मासेमारी नाव होती आणि कफ परेडच्या मच्छीमार नगरात ते रबरी होडीतून उतरले. तेव्हा ओळखीच्या बांधणीच्या नावेवर अनोळखी माणसे दिसली, तरी सागरी पोलिसांच्या 1093 क्रमांकावर किंवा तटरक्षक दलाच्या 1554 क्रमांकावर लगेच कळवावे. ‘एक होडी दिसली’ एवढ्याने शोध लागत नाही. जीपीएसचे आकडे किंवा किती वाव (पाण्याची खोली मोजण्याचे माप) पाणी आणि दीपगृह कोणत्या बाजूला, नावेचा रंग व नोंदणी क्रमांक, माणसे किती, तोंड कुठल्या दिशेला, हे सांगावे.

बेवारस नावेवर मात्र चढू नये. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरजवळ लागलेल्या रिकाम्या नौकेत तीन एके-47 रायफली निघाल्या होत्या. ती ओमानकडून वाहत आली होती हे नंतर कळले. पहिल्या क्षणी ते कोणालाच माहीत नसते.

तांडेलांनी, म्हणजे नावेच्या प्रमुखांनी, ओळखपत्रे व परवाना घरी न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत नावेवरच ठेवावा, म्हणजे समुद्रात तपासणी झाली तर खोळंबा होत नाही.

शेवटची गल्लत तपासाविषयीची आहे. नौदल पकडते, पण गुन्हा नोंदवणे, पंचनामा आणि आरोपपत्र ही कामे पोलिसांची असतात. मार्च 2011 मध्ये नौदलाने पकडलेले 61 चाचेदेखील मुंबईत आणून पोलिसांच्याच ताब्यात देण्यात आले. त्यामुळे ज्या खलाशाने काही पाहिले असेल, त्याने तारीख, वेळ आणि जागा त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी, कारण जबाबासाठी पोलीस ठाण्यातून बोलावणे येईपर्यंत मधे कितीतरी फेऱ्या होऊन गेलेल्या असतात.