जर्मनीत खोली मिळाली? आता घंटीवर नाव लावा

ऑक्टोबरच्या सत्रासाठी स्टुटगार्टला येणाऱ्या मुलामुलींचे फोन जुलैपासून सुरू होतात आणि पहिला प्रश्न बहुधा "कुकर आणू का?" हाच असतो. आणा. पण त्याआधी पत्त्याचं बघा.

इथे खोली मिळणं वेगळं आणि पत्ता मिळणं वेगळं. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत नोंदणी करायची असते, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. जाहिरातीत 'आन्मेल्डुंग जमणार नाही' असं असेल तर भाडं कितीही कमी असो, पहिलं घर म्हणून ती खोली घेऊ नका. कर क्रमांक, निवास परवाना, बरेचदा बँकेचं खातंसुद्धा तिथेच अडतं. श्पेरकोंटोत, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या खात्यात, तुमचे ११,९०४ युरो असतील, पण महिन्याचे ९९२ हातात पडायला इथलं चालू खातं लागतं. तोवर स्वतःचेच पैसे लांबून बघायचे. म्हणून दोन महिने निभतील एवढी वेगळी सोय घरूनच करून निघा. नोंदणीची तारीख दोन आठवड्यांत मिळाली नाही तर घाबरू नका, तारीख घेतल्याचा ईमेल जपून ठेवा.

किल्ली हातात आली की त्याच दिवशी टपालपेटीवर आणि घंटीवर आडनाव लावा. इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पोस्टमन नाव शोधतो, दिसलं नाही तर पत्र परत जातं. आणि बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सगळं टपालानेच येतं. मित्राकडे तात्पुरते उतरला असाल तरी त्याच्या नावाखाली चिठ्ठी चिकटवा. स्पेलिंग पासपोर्टवरचंच हवं. आपल्या पासपोर्टात वडिलांचं नाव बरेचदा आपल्या नावालाच जोडलेलं असतं, तेव्हा काही पत्रं तुम्हाला बाबांच्या नावासकट हाक मारतील. चालतं.

सुरुवातीच्या पत्रांत एक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं असतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नका. वर्गणी घरटी असते, माणशी नाही. सामायिक फ्लॅटमध्ये आधीच कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा आणि खर्च आपसांत वाटून घ्यायचा.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं आहेत. भाडी बघितली की नातं लगेच पटतं! जाहिरातीतला काल्टमीटे हा आकडा नुसत्या जागेचा, त्यात हीटिंग आणि इतर खर्च मिळवले की वार्ममीटे. हिशेब नेहमी वार्ममीटेचा करा. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमीटेहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. हे नवीन मुलांना कुणी आपणहून सांगत नाही. 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल' असं म्हणणारा मालक मात्र चोर समजा. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत प्रवेशपत्र मिळताच नाव घाला. नंबर दुसऱ्या सत्रात लागला तरी घाट्याचं नाही.

ताबा घेताना भिंतींचे, फरशीचे, नळांचे फोटो काढा आणि प्रत्येक ओरखडा ताब्याच्या कागदावर लिहून घ्या. बाथरूममध्ये शॉवरबाहेरच्या जमिनीला सहसा पाणी जायची वाटच नसते, तेव्हा बादली-तांब्याची आंघोळ विसरा. हिवाळ्यात खिडक्या गच्च बंद ठेवल्या तर भिंतीवर बुरशी येते आणि अनामतीवरून वाद होतो. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. फोडणी देतानाही खिडकीच उघडा, जिन्याकडचं दार नको. हिंगाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि तिथे राहणाऱ्या आजींना तो आवडेलच असं नाही. मिक्सर २३० व्होल्टवर चालतो, फक्त आपला तीन पिनांचा प्लग इथे बसत नाही. अडॅप्टर आणा. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर लावू नका. रविवारी दुकानंही बंद, दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवा.

आणि स्टुटगार्टकडची खास गोष्ट म्हणजे केअरवोखे. पाळीपाळीने प्रत्येक घराने जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी येते. सगळ्याच इमारतींत आता हे नाही, काहींनी सफाईवाले नेमलेत, म्हणून करारातच बघून घ्या. पाटी आली तर शनिवारी दिवसाउजेडी, चार लोक येता-जाता बघतील अशा वेळी जिना पुसा. दोन पाळ्या नीट केल्यात की शेजारी आपणहून बोलायला लागतात, तुमची पार्सलं घेऊन ठेवतात, कुठला कचरा कुठल्या डब्यात हेही तेच समजावतात. नगरपालिकेच्या माहितीपत्रकापेक्षा ते लवकर कळतं.