पुतळा ठरवण्याआधी फलक लिहा

मी शिल्पकार आहे. स्मारक समितीची मंडळी येतात तेव्हा त्यांच्या हातात एक जुना फोटो असतो आणि पहिला प्रश्न उंचीचा असतो. फोटो बाजूला ठेवा, असं मी त्यांना सांगतो. आधी फलकाचा मजकूर लिहून आणा. या माणसाने नेमकं काय केलं आणि त्याची आठवण याच जागी का हवी, हे दोन-तीन वाक्यांत यायला हवं. 'थोर', 'महान' हे शब्द वगळा.

मजकुरात त्या व्यक्तीची काळी बाजूही येऊ द्या. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १८९५ साली एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्याचा पुतळा बसवला, तेव्हा फलकावर त्याला शहराचा अत्यंत सद्गुणी आणि शहाणा पुत्र म्हटलं होतं. गुलामांच्या व्यापारातला त्याचा वाटा त्यात नव्हता. पुढे दुसरा फलक लावायचं ठरलं, पण शब्दांवरून वाद झाला आणि तो लागलाच नाही. जून २०२० मध्ये लोकांनी पुतळा पाडून बंदरात ढकलला. फलकावर एकमत होत नसेल तर पुतळ्याचं काम सुरू करू नका. मी तरी घेत नाही.

मजकूर तयार झाला की त्यातला कर्ता तपासा. एकच आहे का? फ्रान्समधल्या कॅले शहराला आपल्या एका वीराचं स्मारक हवं होतं. शिल्पकार रोदँने वेढ्यातलं शहर वाचवण्यासाठी जिवावर उदार होऊन शत्रूकडे निघालेले सहाही नागरिक घडवले, कारण त्याग सहाजणांचा होता. ते लोकांच्या पातळीवर असावेत, अशी त्याची इच्छा होती. १८९५ मध्ये शहराने त्यांना उंच चौथऱ्यावर चढवलं; ते खाली यायला १९२४ उजाडलं. कर्ते हजारो असतील तर चेहरा सोडाच. वॉशिंग्टनमध्ये माया लिनच्या आराखड्यावरून १९८२ साली काळ्या दगडावर व्हिएतनाम युद्धात मेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांची फक्त नावं कोरली, अठ्ठावन्न हजारांच्या आसपास. लोक तिथे बोटांनी नाव शोधतात, कागद ठेवून ते पेन्सिलीने उतरवून घेतात.

म्हणजे एकट्या माणसाचा पुतळा करूच नये, असं मी म्हणत नाही. काही कामं खरोखर एकट्यानेच केलेली असतात आणि चेहऱ्यात जी ओढ असते ती नावात नसते. अशा वेळी प्लायवूडची पूर्ण मापाची आकृती कापून जागेवर आठवडाभर उभी करा. लहान मुलाच्या उंचीवरून बघा. बहुतेकदा चौथरा निम्म्यावर येतो.

सगळ्यांत जपायची पायरी मातीची. साचा निघाला, मेण झालं, ब्राँझ ओतलं की बदल फार महाग पडतो. एकदा मी एका शिक्षिकेला पुस्तक देऊन उभं केलं होतं. अनावरणाला त्यांची एक वृद्ध विद्यार्थिनी आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई अशा उभ्या राहून कधी शिकवत नसत. आमच्या बाकावर सरकून बसायच्या." माती ओली होती तोवर मी फक्त समितीला बोलावलं होतं. आता ओल्या फडक्याने माती जपत पंधरा दिवस थांबतो आणि त्या माणसाला पाहिलेलं, निदान त्याच्याबद्दल घरात ऐकलेलं जे कोणी सापडेल, त्याला आधी आत घेतो.