ट्रेमध्ये भाताचं रोप करताय? पांढऱ्या बुरशीचा बंदोबस्त आधीच करा

मशीनने लावणी करायची म्हणून जे ट्रेमध्ये किंवा मॅटवर रोप टाकतात त्यांनी पेरणीच्या आधीच हे वाचून घ्या. बी लवकर रुजावं म्हणून आपण ट्रे एकावर एक रचतो, वरून ताडपत्री टाकतो, आत ओल असतेच आणि मे-जूनच्या उकाड्यात गरमी पण कोंडते, आणि मग मातीवर कापसासारखी पांढरी बुरशी पसरते. ती रायझोपस असू शकते. रोप खुजं राहतं, उपटून बघितलं तर मुळांची टोकं सुजलेली आणि वाढ थांबलेली.

ह्या रोगात एकटी बुरशी नसते. रायझोपस मायक्रोस्पोरस ह्या रायझोपसच्याच एका जातीच्या काही वाणांच्या तंतूंच्या आतच बॅक्टेरिया राहतात, आणि मुळं खुंटवणारं रायझॉक्सिन नावाचं विष बुरशी नाही तर हे बॅक्टेरिया बनवतात, हे 2005 मध्ये जर्मनीतल्या येना इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, तोपर्यंत सगळे बुरशीलाच धरून होते. नंतर कळलं की बॅक्टेरिया काढून टाकले तर ह्या बुरशीला बीजाणू (ज्यातून बुरशी पसरते ते तिचं बी) धरतच नाहीत. बीजाणू झाले की त्यांच्यात बसून बॅक्टेरिया पुढच्या पिढीत जातात, शिवाय बुरशी खाणारे मातीतले अमिबा आणि सूत्रकृमी पण ह्याच विषाने मरतात. एवढी घट्ट जोडी आहे ही!

म्हणून कुणी सांगेल अँटिबायोटिक फवारा, तर कृपा करून फवारू नका. लॅबमधल्या बशीत जे जमतं ते ट्रेच्या मातीत जमेलच असं नाही, आणि माणसांच्या औषधांना दाद न देणारे जंतू वाढवून ठेवायचा धोका वेगळाच. कार्बेन्डाझिम ह्या बुरशीनाशकावर पण भरवसा नको, रायझोपसवर ते नीट चालत नाही. बियाणं 3 टक्के मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 300 ग्रॅम) टाकून तरंगणारं पोचट काढा, उरलेलं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा, मग किलोला 2.5 ते 3 ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) चोळा. गेल्या वर्षीचे ट्रे घासून धुऊन कडक उन्हात वाळवा, जुनी माती परत वापरू नका. बी दाट टाकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रचलेल्या ट्रेंमध्ये दिवसातून दोनदा हात घालून बघा, गरम लागलं तर ताडपत्री काढा, आणि कोंब दिसले की लगेच ट्रे वेगळे करून सावलीत हवेशीर मांडा. एखाद्या ट्रेवर पांढरं दिसलंच तर तो लगेच बाजूला न्या, त्यावर जोरात पाणी मारू नका, बीजाणू उडून शेजारच्या ट्रेवर पडतात.