सोलर स्टीमचं सामान घेताना: कोणता पाइप, कोणता रंग, अन् आधी पाणी

आश्रमशाळेचं किचन असो का वर्धा जिल्ह्यातल्या वायगावकडची हळद शिजवायची असो, आरशाच्या मोठ्या डिशवर वाफ करायची म्हटलं की सगळे आधी डिशचा भाव विचारतात. माझं म्हणणं आहे आधी बाटलीभर पाणी घेऊन लॅबमध्ये जा, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), हार्डनेस (पाण्याचा जडपणा) अन् क्लोराइड (मिठातला क्षार) तिन्ही तपासून घ्या, कारण आपल्याकडे मटेरियल पाण्यावरून ठरते.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, अन् दुकानदार म्हणतो स्टेनलेस घ्या, गंजत नाही. पण राजेहो, क्लोराइडवाल्या पाण्यात ३०४ नंबरचं स्टेनलेस साधारण ६० डिग्रीच्या वर गेलं की वेल्डिंगजवळ बारीक तडे जाऊ शकतात, बाहेरून चकचकीत दिसते अन् आतून फाटत असते. ३१६ नंबरचं जरा जास्त टिकते, पण धोका त्यालाही आहेच. सॉफ्टनर लावला तरी हार्डनेस जाते, क्लोराइड तसंच राहते. म्हणून आरओचं नाहीतर छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, जॅकेटवाली (दुहेरी भिंतीची, मधून वाफ फिरणारी) भांडी असतील तर वाफेचं पाणी परत टाकीत आणा म्हणजे नवीन पाणी कमी लागते.

मग प्रेशर ठरवा. गेजवर (प्रेशर दाखवणाऱ्या काट्यावर) १ बारला वाफ साधारण १२० डिग्री असते, ५ बारला १५९, १० बारला १८४. हळद उघड्या वाफेवर शिजते, तिला जास्त प्रेशरची गरजच नाही, उगाच वाढवू नका. २५ लिटरपेक्षा मोठं भांडं प्रेशरवर चालवायचं असेल तर बॉयलर कायदा लागू होतो का ते बाष्पके संचालनालयात आधीच विचारा, सेफ्टी व्हॉल्व्ह तर कुठेही सोडायचा नाही.

पाइप साध्या कार्बन स्टीलचा, सीमलेस (बिनजोडाचा), ए-१०६ ग्रेड बी दर्जाचा मागा. जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) घेऊ नका, गरम पाण्यात जस्ताचा थर भरवशाचा राहत नाही अन् वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो. तांबं घेतलं तर जोड सिल्व्हर ब्रेझिंगचे (चांदीमिश्रित धातू वितळवून केलेले) करा, साधं शिशाचं सोल्डर १८३ डिग्रीलाच वितळायला लागते. १० मीटर लोखंडी लाइन ३० वरून १६० डिग्रीला गेली की १५-१६ मिलिमीटर लांबते, स्टेनलेस २२ च्या आसपास, म्हणून मध्ये लूप (पाइपाचा वळसा) ठेवा अन् क्लॅम्प सरकते ठेवा.

आता रिसीव्हरचा, म्हणजे डिशचा प्रकाश जिथं पडून पाणी तापते त्या भांड्याचा रंग, इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ब्लॅक क्रोमसारखं सिलेक्टिव्ह कोटिंग ऊन शोषते अन् उष्णता कमी बाहेर टाकते, म्हणून ते महाग. पण १६ चौरस मीटरच्या डिशचा प्रकाश एका लहानशा रिसीव्हरवर एकवटतो. १६० डिग्रीला साधा काळा रंग चौरस मीटरमागे सव्वा किलोवॅटच्या आसपास उष्णता परत फेकतो, अन् रिसीव्हर तर त्या चौरस मीटरचा लहानसा तुकडाच असतो, म्हणजे येणाऱ्या कित्येक किलोवॅटपुढे हा तोटा किरकोळ आहे. शिवाय ब्लॅक क्रोम उघड्या हवेत ३०० च्या वर गेलं तर खराब होते, पाणी संपून रिसीव्हर कोरडा तापला की तिथं पोचायला वेळ लागत नाही. म्हणून डिशला ५०० च्या वर टिकणारा सिलिकॉनचा काळा मॅट रंग पुरेसा आहे, सिलेक्टिव्ह कोटिंगचे पैसे जिथं प्रकाश कमी एकवटतो तिथं, म्हणजे सपाट कलेक्टरला (छतावरच्या पाणी तापवायच्या सपाट पेटीला) घाला.

रंग लावायच्या आधी गंज अन् वेल्डिंगची पापडी पूर्ण काढा, सँड ब्लास्टिंग मिळालं तर उत्तमच, मग थिनरनं पुसून पातळ दोन हात द्या. जाड थर तापला की पापुद्रे सुटतात.

इन्सुलेशनला थर्मोकोल नाही, पीयूएफ (फोम) पण नाही, रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) घ्या, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा, अन् पत्र्याचा जोड खालच्या बाजूला, नाहीतर पावसाळ्यात वूल भिजते अन् आतून पाइप गंजतो. गॅस्केट ग्रॅफाइटचं, रबराचं नको, जुनं अ‍ॅस्बेस्टॉसचं तर अजिबात नको.

सिलिकॉन रंग पक्का व्हायला बहुतेक वेळा २०० डिग्रीच्या आसपास भाजावा लागतो, नक्की किती अन् किती वेळ ते डब्यावर लिहिलेलं असते. पाणी भरलेला रिसीव्हर तेवढा तापतच नाही, म्हणून फिटिंगच्या आधीच जवळच्या पावडर कोटिंगवाल्याच्या भट्टीत हळूहळू तापवून घ्या, थंड झाला की नखानं खरवडून पाहा, रंग निघाला तर अजून भाजा, मगच डिशसमोर बसवा.