लेकराला वाळवंटातल्या खडकावर चढवायचं असेल तर

नागपूरच्या उन्हात वाढलेलं पोट्टं आहे, त्याला काय होते, असं म्हणून मे महिन्यात राजस्थानात न्याल तर फसाल, डिसेंबर-जानेवारीतच जा आणि तेव्हाही सकाळी सावलीची बाजू पकडा. लहान लेकराला नुसतं कमरेचं हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा, नका घालू, कंबर बारीक राहते आणि डोकं जड, उलटं झालं तर सटकू शकते, खांद्यांवरूनही येणारं फुल बॉडीच घ्या. हेल्मेट तर खाली उभं असतानाही. दोर वरूनच, म्हणजे टॉप रोप, आणि अँकर, म्हणजे वर खडकाला दोर पक्का अडकवायची सोय, माहितगार माणसानंच लावायचा, यूट्यूब पाहून नाही. माझी पोरगी 18 किलोची, वर पोचली आणि उतरवायला खालून दोर ढिला सोडला तर खालीच येईना बापा, घर्षणानं तिथंच लटकून हसत बसली, म्हणून हलकं लेकरू असलं की आधी थोड्याशाच उंचीवरून उतरवून पाहा. वालुकाश्म पावसानं भिजला असेल तर पूर्ण वाळेपर्यंत हात नका लावू, ओला झाला की कमजोर होतो, पकडच तुटून हातात येते. बूट घालायच्या आधी उलटे करून झटका, विंचू असतात. पाणी मागायची वाट नका पाहू, थोड्या थोड्या वेळानं घोट द्या, आमच्याकडे संत्र्याच्या फोडी जास्त चालतात. रडलं की खाली, त्या दिवशीचं चढणं तिथंच बंद.